बिनचुलीच्या अक्का

कुंभकोणात जन्म काढून घरी एकदाही कॉफी न केलेली एकच बाई मला माहीत आहे. त्या गावात पहाटे कुठल्याही गल्लीतून चालत जा, दारादारातून ताज्या डिकॉक्शनचा वास येतो. अक्कांच्या दारातून मात्र कसलाच वास येत नसे. स्वयंपाकघर होतं, चांगलं ऐसपैस, मागच्या नारळाकडे उघडणारी मोठी खिडकी असलेलं. पण चुलीच्या कट्ट्यावर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रचलेल्या, आणि ज्या फळीवर तांब्यापितळेची भांडी असायची तिथे दोन छत्र्या आणि सायकलचा पंप. कॉफी कोपऱ्यावरच्या क्लबातून, म्हणजे तिकडच्या हॉटेलातून, पितळी पेल्यात येई. ती अक्का उभ्या उभ्या पीत आणि पेला विसळून खिडकीत ठेवून देत.

बाईमाणूस स्वयंपाक करत नाही म्हणजे त्यामागे काहीतरी दुःख असणार, अशी गल्लीची खात्री होती. कोणी म्हणे लग्न मोडलं, कोणी म्हणे लहानपणी हात भाजला. मी सांगलीची, म्हणजे तोंडाची फटकळ. मी सरळ विचारलं. अक्का म्हणाल्या, "कारण काय असावें? आवडत नै. तुम्हांस कारलें आवडत नै, मज चूल आवडत नै. कारल्याचें कारण कोणी पुसतो काय?"

अक्कांचं मराठी असं होतं. मराठा राजांच्या काळी तंजावर प्रांती आलेल्या घराण्यातल्या त्या. तिकडे आलेली भाषा त्यांनी तशीच जपून ठेवली होती आणि भोवतालच्या तमिळची फोडणी तिला बसली होती. पहिल्यांदा ऐकलं की हसू येई. दुसऱ्यांदा ऐकलं की आपलंच मराठी उसनं वाटायला लागे.

अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे कॉल जोडून देणाऱ्या. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड, समोर भोकाभोकांचा बोर्ड. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन सांगायचं, वाढवायचा कॉल की तोडायचा. आयुष्य असं तीन तीन मिनिटांत कापलं गेल्यामुळे की काय, अन्नालाही त्यांनी तेच माप लावलं होतं. "एका ट्रंककॉलांत होत नै तो स्वयंपाक नव्हे, शिक्षा," असं त्या म्हणत. पुरण घालणाऱ्या बायकांकडे त्या तुरुंगातल्या माणसाकडे बघावं तशा कळवळून बघत.

आमची ओळख त्यांच्या आवाजाशी आधी झाली, चेहऱ्याशी नंतर.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमच्या ह्यांची बँकेत बदली होऊन आम्ही कुंभकोणात आलो. मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. वर्ष झालं नाही तोच ह्यांना खोकला लागला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की क्षय आहे. औषधं आहेत, माणसं बरी होतात, असंही सांगितलं. पण त्यांनी ह्यांना काट्यावर उभं केलं आणि काटा जिथे थांबला तिथे बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "गोळ्या मी देतो. अंगावर मांस तुम्ही चढवायचं. नुसता भात नको, प्रोटीन हवं. अंडी द्या. हे असेच उतरत गेले तर माझ्या गोळ्यांनाही काही करता येणार नाही."

अंडी! खाली घरमालक, कपाळावर नाम ओढणारे वैष्णव. कांदा चिरला तरी त्यांच्या घरातून खाकरणं ऐकू यायचं. आणि अंडी दूरच, ह्यांना साधं वरणसुद्धा जाईना. मी जिवाच्या आकांताने रांधत होते. साजूक तुपातला शिरा, मसालेभात, भरली वांगी, जे जे त्यांना आवडायचं ते ते. स्टोव्हवर फोडणी तडतडली की आतल्या खोलीत त्यांना उमासे सुरू व्हायचे. गोळ्यांनी पोट ढवळलेलं, त्यात हिंगमोहरीचा वास. मी ताट घेऊन जायची, समोर बसायची, त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ते दोन घास गिळायचे, तिसरा बाहेर यायचा. मी मोरीत जाऊन रडायची आणि परत येऊन दुसरं काहीतरी करायला घ्यायची.

खोकला भिंतीतून ऐकू जातोच. एक दिवस घरमालकांनी फार सभ्यपणे सांगितलं की दिवाळीपूर्वी जागा मोकळी करा.

त्या दिवशी मी पोस्टात जाऊन सांगलीला कॉल लावला. सासूबाई शेजाऱ्यांच्या फोनवर आल्या. मी जे मनात होतं ते सगळं ओकले: ते हाडं होत चाललेत, काही जात नाही, घर सुटतंय, मी इथे कोणाशी बोलू. बूथच्या बाहेर माणसं उभी होती पण मराठी कोणाला कळणार, म्हणून आवाजही आवरला नाही. सासूबाई पलीकडे नुसत्या "अगं बाई, अगं बाई" करत होत्या. तेवढ्यात ऑपरेटरने तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं, कॉल तुटला, आणि मी रिसीव्हर ठेवणार तर त्यातून त्याच बाईचा आवाज आला.

"रडूं नका. कोण्या गल्लींत राहतां, सांगा."

मी दचकले. ऑपरेटरने लोकांचं बोलणं ऐकू नये, ऐकलं तरी ऐकलं म्हणू नये, हा तिथला कडक नियम. तो मोडल्याचं वर कळलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी फक्त पत्ता सांगितला.

संध्याकाळी अक्का आल्या. सायकल ढकलत, अंगाने काटकुळ्या, चाळिशी ओलांडलेल्या, कानावर हेडफोनचा घट्टा. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्या स्टोव्हकडे पाहिलं, नाकाला पदर लावला. मला वाटलं रोगाला भ्यायल्या. "फोडणी बहुत जाहली," त्या म्हणाल्या. "ह्यांस अन्न नकोसें नै. वास नकोसा आहे. अस्की सामान बांधा, अस्की म्हणजे सगळें. माझें स्वयंपाकघर मोकळेंच आहे."

आणि त्यांनी खरोखरच आमच्या ह्यांची खाट आपल्या स्वयंपाकघरात टाकली. कुंभकोणात फोडणीचा वास न लागलेलं ते एकच स्वयंपाकघर असेल. डिरेक्टऱ्या कट्ट्यावरून खाली आल्या, त्यांच्या जागी औषधाच्या बाटल्या गेल्या. खिडकी सताड उघडी. ह्यांची भांडी वेगळी, ती उकळत्या पाण्यात टाकायची; ते पाणी तापवण्यापुरता माझा स्टोव्ह मागच्या पडवीत चालेल, अशी एक सवलत मिळाली. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "भय आहे की. भय आहे म्हणून कॉल लावूं नै काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला खजिना दाखवला. चार पत्र्याचे डबे. एकात शेंगदाणे, एकात हिरवी मूगडाळ, एकात डाळं, आणि एकात उडदाचं भाजकं पीठ. उडीदसुद्धा त्या घरी भाजत नसत. चुरमुऱ्याच्या दुकानात तापल्या वाळूत भाजून घेत आणि गिरणीतून दळून आणत. वाटीभर दही घ्यायचं, त्यात तीन चमचे पीठ, मीठ, हवा तर आल्याचा कीस. ढवळलं की झालं डांगर. आपल्याकडेही डांगर होतं, पण आपण त्यावर हिंगाची फोडणी ओतल्याशिवाय राहत नाही. अक्कांच्या डांगराला वासच नव्हता. मूगडाळ भिजवून त्यात ओलं खोबरं आणि लिंबू. रात्रभर भिजलेले दाणे गुळाच्या खड्याबरोबर. डाळ्याचं पीठ गार दुधात. माझ्या सासरी हे सगळं तोंडी लावणं. अक्कांच्या घरी तेच जेवण होतं, आणि त्यावर त्या सायकल हाणत होत्या.

"हे जेवण?" मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. माणूस मरायला टेकलाय आणि ही बाई त्याला भिजलेले दाणे देतेय!

"डाक्टर काय म्हणाला? प्रोटीन म्हणाला. शिरा म्हणाला काय?"

डांगराची वाटी त्यांनी खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली. मी सवयीने समोर बसले आणि ह्यांच्या तोंडाकडे बघू लागले. अक्कांनी माझा खांदा धरला, मला उठवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभं केलं. स्वतःही शेजारी तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "खाणाऱ्याकडे पाहूं नै," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही पाहतां तर त्यांस घांस गिळायाचा आणि तुमचें भयही गिळायाचें. दोन्ही कसें उतरेल?"

आम्ही उभ्या राहिलो. मागे काहीच होईना. बाहेर नारळाच्या झाडावर खार चढली, उतरली. माझी मान वळायला लागली की अक्का कोपर मारत. मला वाटलं, आज हेही नाही. आणि मग वाटीवर चमचा वाजला. थोडा वेळ गेला, पुन्हा वाजला. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या, जणू लांबच्या गावचा आवाज तारेतून येतोय. उलटी झाली नाही. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

सगळं तिथून सुरळीत झालं असतं तर काय हवं होतं. पण दुखणं पायरीपायरीने उतरत नाही. इंजेक्शनांनी कानात गुणगुण सुरू झाली, ताप पुन्हा चढला, आणि ह्यांच्या मनानेच हाय खाल्ली. डॉक्टरांनी काटा बघून सांगितलं की पुढल्या वेळीही असाच खाली गेला तर मी इथे ठेवणार नाही, मोठ्या इस्पितळात पाठवीन. ते कुठल्या आवाजात म्हणाले ते मी ऐकलं होतं. तिथून माणूस परत येईल असा तो आवाज नव्हता.

अक्कांच्या घरी कामापुरता फोन होता, तो खाटेजवळ आणून ठेवला होता. त्या रोज दुपारी एक्स्चेंजमधून फोन करत आणि ह्यांनाच तो उचलायला लावत. "जेवलांत?" एवढंच विचारत. पोट रिकामं असलं की माणसाचा आवाज गळ्यातच राहतो, खाली टेकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हसायची. पण त्या दुपारी मी बाजारातून आले तेव्हा हे रिसीव्हर धरून बसले होते आणि म्हणत होते, "हो अक्का, जेवलो." पलीकडचा आवाज मला दारातून ऐकू आला, इतका तो मोठा झाला होता.

"नै जेवलांत. ह्या आवाजांत मीठ नै."

मी खिडकीतून बघितलं. मागे कावळे जमले होते आणि नारळाच्या आळ्यात पांढरं डांगर सांडलेलं. किती दिवस तसं चाललं होतं कोण जाणे. मी तिथेच बसले आणि वाट्टेल ते बोलले. मरायचंच असेल तर सांगलीला जाऊन मरा म्हणाले. हे भिंतीकडे तोंड करून पडले. रिसीव्हर खाटेवर तसाच.

त्यातून अक्का माझ्या नावाने हाका मारत होत्या. मी उचलला. "दुसरी वाटी कालवा," त्या म्हणाल्या. "रिसीव्हर वाटीशेजारीं ठेवा. तुम्ही पडवींत जा. मी आहें लैनीवर."

"अक्का, तुमचं काम..."

"मीही उपाशीं आहें. ते खातील मग मी खाईन. सांगा त्यांस."

मी सांगितलं, वाटी ठेवली, रिसीव्हर ठेवला आणि पडवीत गेले. एक्स्चेंजमध्ये त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर त्यांच्या मैत्रिणीने सांगितलं. बोर्डावर दिवे लागत होते, मैत्रीण दोन हातांनी दोघींचं काम ओढत होती, सुपरवायझर मागे उभा राहून ओरडत होता, आणि अक्का एका कॉर्डवर हात ठेवून, हेडफोन दाबून, नुसत्या ऐकत होत्या. त्याला म्हणाल्या, "अर्जंट कॉल आहे." ह्यावरून पुढे त्यांची चौकशी झाली, बढती गेली.

पडवीत मी कानात प्राण आणून उभी होते. बराच वेळ काही नाही. मग रडण्याचा आवाज आला, पुरुषाच्या रडण्याचा. लग्नानंतर मी तो पहिल्यांदा ऐकला. आणि मग चमचा वाजला. वाटी संपेपर्यंत वाजत राहिला. हे रिसीव्हरमध्ये म्हणाले, "अक्का, आता तुम्ही जेवा."

पुढल्या वेळी काटा वर गेला. फार नाही, पण गेला. डॉक्टरांनी काट्याला एक टिचकी मारून खात्री केली आणि मला विचारलं, "अंडी दिलीत?" मी म्हटलं, नाही, उडदाचं पीठ आणि दही. ते अक्कांकडे वळून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. अक्का हसल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणाला, चांगलें रांधतां. माझा असा अपमान कोणी केला नव्हता."

हे बरे झाले. दोन वर्षांनी बदली झाली. निघताना अक्कांनी मला उडदाच्या पिठाचा डबा दिला आणि बजावलं, "फोडणी घालाल तर परत द्या." स्टेशनवर ह्यांनी खाली वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, "आवाज बरा आहे."

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ आले, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले. कुंभकोणातला बोर्डही गेला असणार. अक्का निवृत्त झाल्यावर एकदा फोनवर म्हणाल्या, "बरें जाहलें. कोणास कोणाची गरज नै. मात्र कोण जेवला, कोण उपाशी, हें मध्यें बसून ऐकणारें कोणी राहिलें नै." मग स्वतःच तीन मिनिटं झाल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या पुतण्याचा फोन आला. अक्कांना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि त्या काही खात नव्हत्या. डॉक्टर म्हणत होते गिळता येतंय, पण त्या तोंडच उघडत नाहीत. असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

आम्ही दोघं गेलो. घरात पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती फोडणी. पुतण्याची बायको, अक्कांची सूनच ती, बिचारी मनापासून करत होती. चुलीवर रसम, डाळभाजीचं कूट्टू, तांदळाची खीर. कुंभकोणातलं कुठलंही घर असावं तसं ते घर झालं होतं. अक्का बाहेरच्या खोलीत खाटेवर. चेहरा एका बाजूला ओढलेला, ओठ घट्ट मिटलेले. समोर चार माणसं वाटी घेऊन बसलेली. "अक्का, आ करा. अक्का, एक घास." त्यांच्या डाव्या हाताची बोटं पांघरुणावर हलत होती. ती वाटीकडे यायला लागली तशी सुनेने हात धरून मागे ठेवला. "डावा हात, अक्का," ती हळूच म्हणाली. "आम्ही भरवतो ना."

मला सगळं एकदम दिसलं. उजवा हात गेलेला, आणि डाव्या हाताने जेवणं त्या घरात कोणाला सोसणार नाही. म्हणून लहान मुलासारखं भरवून घ्यायचं, तेही चौघांच्या डोळ्यांदेखत, तेही त्या वासात. मी सुनेला बाजूला घेतलं. म्हटलं, बाई, चूल विझव आणि सगळे बाहेर चला. मी मोठ्याने बोलले असणार, कारण सगळे निघून गेले.

ह्यांनी सांगलीहून आणलेला डबा काढला. स्वतःच कालवलं: दही, तीन चमचे पीठ, मीठ. माझ्या हातात दिलं नाही. स्टूल ओढून खाटेच्या डाव्या बाजूला ठेवलं, त्यावर वाटी, वाटीत चमचा, दांडी अक्कांच्या डाव्या हाताकडे. मग माझा खांदा धरून त्यांनी मला खिडकीकडे वळवलं आणि आम्ही दोघं पाठमोरे उभे राहिलो.

रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या ओट्यावर कोणीतरी पानं खुडत बसलं होतं. मागे काही हलेना. माझी मान वळायला लागली, तसं ह्यांनी कोपर मारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, पुसलं तर आवाज होईल म्हणून.

मग वाटीवर चमचा वाजला.